मांडूळ पाळावं का? सापांविषयी थोडं बोलू या

 

आजचा विषय ऐकून काही जणींच्या अंगावर काटा येईल. विषय आहे साप, आणि तोही घरात पाळायचा साप. हे कुठून निघालं ते आधी सांगतो. हल्ली पोरांच्या मोबाईलवर पिवळेधमक, पांढरे, नारिंगी साप दिसतात. शहरातला कुणी मुलगा साप गळ्यात घालून फिरतो, कुणी काचेच्या पेटीत ठेवतो. आपली पोरं विचारतात, "आई, आपण पण पाळू या का? नाग नको, पण एखादा वेगळा, बिनविषारी साप?" हा प्रश्न आमच्याकडे इतक्यांदा आला की म्हटलं, एकदा सगळं नीट बोलून टाकू.

मोबाईलवर जे रंगीत साप दिसतात ते बहुतेक परदेशातले असतात. त्यातला एक बॉल पायथन. हा आफ्रिकेतला छोटा अजगर. घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, म्हणून त्याचं हे नाव. दुसरा कॉर्न स्नेक, अमेरिकेतला. हे साप तिकडे पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढवतात. पण तिथेही ते सोपं काम नाही. पेटीत ठरावीक ऊब लागते, खायला उंदीर आणून साठवून ठेवावे लागतात आणि बॉल पायथन तर वीस-तीस वर्षं जगतो. आज हौसेनं आणलेला साप पोराचं लग्न होऊन नातवंडं झाली तरी घरात असणार. आणि आपल्या देशात असे परदेशी प्राणी पाळण्यावरही आता सरकारची नजर आहे. आंतरराष्ट्रीय यादीतला परदेशी प्राणी ज्याच्या घरी असेल त्यानं त्याची वनखात्याकडे नोंद करायची, असा नियम २०२४ साली आला.

हे झालं परदेशी सापांचं. आपल्या मातीतल्या सापांचं उत्तर एका वाक्यात आहे. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप, विषारी असो की बिनविषारी, पकडणं, घरात ठेवणं, विकणं किंवा मारणं हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. २०२२ मध्ये त्यात मोठा बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं तुरुंगवास, वर दंड. "आम्ही नुसता बरणीत ठेवला होता" हे सांगून सुटका होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या घरात साप पाळणारं कोण आहे? बायांनो, आहे. फक्त त्याला पाळणं म्हणत नाहीत. त्याला "मांडूळ सापडलंय" असं म्हणतात.

मांडूळ आपल्याला नवं नाही. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरड्या भागात, भुसभुशीत मातीत ते राहतं. नांगरताना, विहिरीचं काम करताना, शेणखताच्या ढिगात सापडतं. अंगानं जाड, रंगानं तांबूस-तपकिरी, चालायला सुस्त. शेपटी डोक्यासारखीच बोथट, म्हणून त्याला दुतोंड्या म्हणतात. सहा महिने एका तोंडानं चालतं आणि सहा महिने दुसऱ्या, असं आपल्या आज्या सांगायच्या. खरं तर तोंड एकच असतं. संकट आलं की ते डोकं अंगाखाली लपवतं आणि शेपटी पुढे करतं, म्हणजे घाव बसला तर शेपटीवर बसावा. पूर्वी काही गारुडी त्या शेपटीला डाग देऊन डोळे-तोंडासारख्या खुणा करायचे आणि लोकांना दोन तोंडं दाखवायचे. मांडुळाला विष अजिबात नसतं. ते अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देतं. आणि खातं काय? मुख्यतः उंदीर.

अशा या गरीब जिवाच्या मागं माणूस का लागला? कुणीतरी उठवलं, मांडूळ घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो, गुप्तधन सापडतं, त्याच्यापासून असाध्य रोगाचं औषध होतं. मग वजनावर भाव सांगायला सुरुवात झाली. अमुक किलोचं असेल तर लाख, तमुक किलोचं असेल तर कोटी. वजन भरावं म्हणून त्याला बळेच खायला कोंबतात आणि त्यात ते मरतं. महाराष्ट्रात मांडूळ विकायला निघालेली माणसं पकडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. त्या बातम्यांत एक गोष्ट नेहमी सारखी असते. पकडला जातो तो गावचा पोरगा, हातात पिशवी घेऊन उभा असलेला. कोटी देणारा शेठ कधी दिसत नाही.

आमच्या गटातली एक गोष्ट सांगतो. नाव, गाव सांगत नाही, कारण ती बाई आजही आमच्यात बसते आणि तिचा मान आम्हाला मोठा आहे. एका महिन्याच्या बैठकीत तिनं वीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण सांगितलं, शेळ्या घ्यायच्यात. आमच्या गटाची पद्धत अशी की कर्ज मागणारीला चार प्रश्न विचारायचे. कुठल्या बाजारातून घेणार, किती घेणार, चारा कुठला, कोण राखणार? दोन प्रश्नांनंतर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बायांनो, शेळ्या नाहीत. पोरानं नि त्याच्या मित्रांनी मांडूळ धरलंय. पिंपात ठेवलंय. गिऱ्हाईक येणारंय, पण त्याच्या माणसाला आधी पैसे द्यायचेत. सगळ्यांनी भाग घातलाय. आपला भाग नाही दिला तर पोराचा हिस्सा जाईल."

बैठक दोन तास चालली. एकजण म्हणाली, देऊ या, गरीब घर आहे, नशीब उघडलं तर उघडलं. दुसरी म्हणाली, गिऱ्हाईकाला कोटी द्यायचेत तर त्याला आपले वीस हजार कशाला हवेत? या प्रश्नावर सगळ्या गप्प झाल्या. शेवटी गटानं कर्ज दिलं नाही. ती बाई रागानं उठून गेली. दोन महिने बैठकीला आली नाही. रस्त्यात दिसली तरी तोंड फिरवायची. आम्हालाही वाईट वाटायचं, कारण दहा वर्षं मांडीला मांडी लावून बसलेली बाई.

पुढं काय झालं? बाकीच्या पोरांच्या घरच्यांनी पैसे दिले. गिऱ्हाईकाचा माणूस पैसे घेऊन गेला तो गेलाच, फोन बंद. मांडूळ तसंच पिंपात पडून. सोडायचं म्हटलं तर भागीदार सोडू देईनात, ठेवायचं म्हटलं तर पोलिसांची भीती. शेवटी त्या बाईनंच हिय्या केला. पोराला घेऊन ती वनखात्याच्या कार्यालयात गेली आणि मांडूळ त्यांच्या हवाली केलं. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली आणि म्हणाली, "बचतीचे दोन महिन्यांचे पैसे घ्या." बाकी काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही. पण तिच्या शेजारच्या घरात त्या भागापायी गळ्यातली पोत मोडली होती, ती काही परत आली नाही.

ही गोष्ट सांगायचं कारण, मांडुळाचा सौदा हा सापाचा सौदा नसतो. तो आपल्या घरच्या पोरांच्या बेकारीचा नि आपल्या दागिन्यांचा सौदा असतो. तुमच्या गटात कुणी असं कर्ज मागितलं तर तिच्यावर ओरडू नका. फक्त तो एक प्रश्न विचारा. गिऱ्हाईकाला कोटी द्यायचेत, तर तो आपल्याकडून पैसे का मागतोय?

आता नागपंचमीचं बोलू. सांगली जिल्ह्यातलं बत्तीस शिराळा सगळ्यांना ठाऊक आहे. गोरखनाथांची कथा सांगतात. ते भिक्षेला आले तेव्हा घरची बाई मातीच्या नागाची पूजा करत होती, म्हणून तिला भिक्षा वाढायला उशीर झाला. तेव्हा नाथांनी जिवंत नागाची पूजा करायला सांगितलं, अशी श्रद्धा. पिढ्यान्‌पिढ्या तिथं नाग पकडून, त्यांची पूजा करून, मिरवणूक काढून परत सोडायची रीत होती. पुढं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि जिवंत नाग पकडणं, त्यांची मिरवणूक आणि खेळ बंद झाले. गावानं नागाच्या प्रतिमेची पूजा सुरू केली. २०२५ साली केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानं २१ नाग पकडायची परवानगी दिली, पण ती शिक्षण आणि परंपरेचं ज्ञान पुढच्या पिढीला देण्यासाठी, अटी घालून आणि थोड्या दिवसांपुरती. शिराळ्याच्या लोकांच्या मनात नागाविषयी प्रेम आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. त्या गावानं कोर्टाचा आदेश पाळून सण चालू ठेवला, हेही लहान काम नाही.

पण आपल्या घरची नागपंचमी आठवा. त्या दिवशी आपण चिरत नाही, तळत नाही, विळीला नि तव्याला हात लावत नाही. घरधनी नांगर धरत नाही, जमीन खणत नाही. वारुळाला जाऊन लांबून हात जोडतो, लाह्या ठेवतो. नागोबाला भाऊ म्हणतो. आपल्या आज्यांनी या दिवशी सापाला घरी आणायला सांगितलं नाही. त्याच्या घराला धक्का लावू नका म्हणाल्या. साप दूध पीत नाही, हेही ध्यानात ठेवा. दारात गारुडी आला नि त्याच्या नागानं वाटीतलं दूध प्यायलं, तर तो नाग कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला असतो. ते दूध त्याला सोसत नाही. त्याचे दात बहुधा काढलेले असतात. तेव्हा गारुड्याच्या टोपलीपुढं पैसे टाकून पुण्य लागत नाही.

मग पोरांना साप दाखवायचे कसे? तर न पकडता, ओळख करून देऊन. आपल्या सातारा-सांगलीत असे काही साप आहेत, जे बऱ्याच जणींनी नावानं ओळखलेले नसतात.

पहिला वाळा. न्हाणीघरात, कुंडीत, ओल्या मातीत दिसतो. गांडुळाएवढा, काळसर, चकचकीत. बहुतेक बाया त्याला गांडूळ समजून पाणी ओततात. तो साप आहे, आंधळ्यासारखा, बिनविषारी. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो. आणि नवल ऐका, या सापात नर सापडलेलाच नाही. सगळ्या माद्या. नरावाचून त्यांना पिल्लं होतात. कुंड्यांच्या मातीतून हा साप जगभर पोहोचला आहे.

दुसरा खापरखवल्या. महाबळेश्वर, कास, कोयनेच्या जंगलात जमिनीखाली राहतो, पावसाळ्यात वर दिसतो. शेपटीचं टोक तिरकं छाटल्यासारखं नि खरबरीत. त्यावर माती चिकटते आणि बिळाचं तोंड त्या मातीनं बंद होतं. गांडुळं खातो. या कुळातले साप दक्षिण भारताचे डोंगर आणि श्रीलंका सोडून जगात कुठं नाहीत. त्यातल्या एका उपजातीला महाबळेश्वरचंच नाव दिलेलं आहे. असा साप काचेच्या पेटीत ठेवला तर तो दिसणारही नाही नि जगणारही नाही. त्याला डोंगराची ओली माती लागते.

तिसरा हरणटोळ. हिरवागार, चाबकासारखा बारीक, झाडावर राहतो. टाळूवर येऊन चावतो, कपाळ फोडतो, अशी भीती आहे. ती खोटी. त्याला सौम्य विष असतं, ते पालीसरड्यांसाठी. माणसाच्या जिवाला त्यापासून धोका नसतो. मात्र त्याच डोंगरात चापडाही असतो. तोही हिरवा, पण डोकं त्रिकोणी, अंग जाडसर नि विषारी. म्हणून हिरवा दिसला की हरणटोळच, असं समजून हात घालू नका.

इथंच पाळण्याच्या हौसेचा खरा धोका आहे. आपल्याकडचे बिनविषारी साप आणि विषारी साप दिसायला एकमेकांसारखे असतात. दुरक्या घोणस म्हणून एक बिनविषारी साप आहे, मांडुळाचा चुलतभाऊ. त्याच्या अंगावरचे डाग घोणशीसारखेच. घोणस अतिशय विषारी. तिला कुणी दुरक्या समजतो, कुणी अजगराचं पिल्लू समजून उचलतो आणि हात किंवा जीव गमावतो. तसाच कवड्या. घराच्या भिंतीवर पाली शोधत फिरतो, बिनविषारी. अंगावर पांढरे आडवे पट्टे. आणि मण्यारीच्या अंगावरही पांढरे आडवे पट्टे. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. फोटो बघून साप ओळखायला शिकलेल्या पोरानं कवड्या म्हणून मण्यार धरली तर त्याला दुसरी संधी मिळत नाही. स्वतःला सर्पमित्र म्हणवून घरी बरण्या भरणारी, लग्नात-वाढदिवसाला साप खेळवणारी पोरं तुमच्या गावात असतील तर त्यांच्या आयांशी बोला. खरा सर्पमित्र साप धरतो, वनखात्याला कळवतो आणि लगेच सोडून देतो. तो साप घरी नेत नाही आणि त्याच्या सोबत फोटो काढत बसत नाही.

आपल्या भागात जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. कऱ्हाड-वाळव्याच्या उसात घोणस नि नाग, माणदेशाच्या दगडांखाली फुरसं. आपल्या देशात सापानं चावून दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २०२० साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली.

म्हणून साप चावला तर काय करायचं, हे पाठ करून ठेवा. माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेल्या हाता-पायाला फळी लावून तो हलणार नाही असं करा. सूज चढायच्या आधी बांगड्या, अंगठी, जोडवी, पैंजण काढा. घट्ट दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं चोखू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा. सापाच्या विषावर एकच औषध आहे, ते म्हणजे सर्पविषविरोधी इंजेक्शन. ते घोड्याच्या रक्तापासून बनतं आणि या चार सापांच्या विषावर चालतं. साप मारून बरोबर न्यायची गरज नाही, त्यात वेळ जातो. पापण्या जड होणं, पोटात दुखणं, जीभ जड होणं ही मण्यारीची लक्षणं. सूज नाही म्हणून घरी थांबू नका.

शेतकरी कुटुंबातल्या माणसाचा सर्पदंशानं मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. सातबारा ज्याच्या नावावर आहे तो आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती यात येते. तालुका कृषी कार्यालयात अर्ज लवकर करायचा. सातबाऱ्यावर आपलं नाव असणं इथंही कामाला येतं, हे लक्षात ठेवा.

आणि घरात साप निघाला तर? पोरांना, कुत्र्याला बाजूला करा. एकीनं लांबून नजर ठेवा, दुसरीनं वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. हा नंबर गटाच्या पासबुकाच्या मागं लिहून ठेवा. सरपण भिंतीला चिकटून रचू नका. धान्याची पोती जमिनीवर ठेवू नका, उंदीर आले की मागून साप येतो. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणीत झोपा. रात्री परसाकडे किंवा पाणी सोडायला जाताना बॅटरी घ्या.

धामण दिसली तर घाबरू नका. ती गाईच्या पायाला वेढे घालून दूध पिते, ही खोटी गोष्ट. ती उंदीर खाते. तुमच्या कणगीतलं धान्य ती राखते, त्याचा पगार मागत नाही. तिला जाऊ द्या.

येत्या बैठकीत तीन गोष्टी कराल का? १९२६ आणि १०८ हे दोन नंबर गटाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. जवळच्या कुठल्या सरकारी दवाखान्यात सर्पविषाचं इंजेक्शन असतं, ते आशाताईंना विचारून घ्या. आणि आपल्या पोरांशी मांडुळाविषयी उघड बोला, कुणी पैसे मागायला यायच्या आधी.

पोरांनी पुन्हा विचारलं, आई, साप पाळायचा का, तर त्यांना बांधावर घेऊन जा. वारूळ दाखवा, कात दाखवा, पाण्यात पोहणारी दिवड लांबून दाखवा. आपल्या शेतात किती जातींचे साप राहतात ते त्यांना मोजू द्या.

तुमच्या गावात सापाला कुठल्या नावानं हाक मारतात, ते आम्हाला कळवा. नावं गावागणिक बदलतात, ती आम्हाला गोळा करायचीत. नमस्कार.